ग्रंथबंधन आणि लोखंडी तार

आमच्या संग्रहांतील एका जुन्या मासिकाचा अंक परवां चाळीत असतां मधलीं दोन पानें अलगद हातांत आलीं. कागद अजून धड होता, शाईही उतरली नव्हती. परंतु घडीवर जेथें लोखंडी तार होती तेथें तांबूस डाग पडून कागदास भोंकें पडलीं होतीं. अंक बांधण्यासाठीं जी तार योजिली, तिनेंच तो सोडविला! हें कसें घडलें, याचा इतिहास मनोरंजक तसाच बोधप्रदही आहे.

‘ग्रंथ’ हा शब्दच मुळीं गुंफणें, बांधणें या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. ताडपत्रांस भोंक पाडून त्यांतून दोरी ओवीत. पुढें कागद आला, तरी आमच्या पोथ्यांचीं पानें बहुधा सुटींच राहिलीं; फळ्या व रुमाल यांनीं त्यांचें रक्षण केलें. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला राख, अशी विनवणी लेखक पोथीच्या शेवटीं तिच्याच तोंडून करवीत. युरोपांत घडी घातलेले फर्मे दोऱ्यानें शिवीत. काम पक्कें, पण सावकाशीचें.

एकोणिसाव्या शतकांत वाफेवर चालणाऱ्या छापखान्यांपुढें हे शिवणारे हात अपुरे पडूं लागले. जर्मनींतील ग्रंथव्यापाराचें केंद्र जें लाइप्झिग, तेथें ब्रेमर बंधूंनीं १८७९ सालीं कारखाना काढून तारेनें शिवणारीं यंत्रें पुरविण्यास आरंभ केला. रिळावरील तारेचा तुकडा तोडावयाचा, त्यास दोन पाय काढावयाचे, ते घडींतून आरपार घालून आंत वळवावयाचे. हें सर्व एका क्षणांत! प्रकाशकांस ही युक्ति न आवडती तरच नवल.

पण लोखंडास हवेंतील ओल सोसत नाहीं. कांहीं वर्षांतच गंज चढूं लागला व घडीजवळचा कागद ठिसूळ झाला. तारेस कथलाचा मुलामा दिल्यानें ऱ्हास लांबला, टळला नाहीं. ग्रंथपाल अशा पुस्तकांस कंटाळले आणि मोठ्या ग्रंथांसाठीं दोऱ्याचीं शिवणयंत्रें रूढ झालीं. पातळ मासिकें व चोपडीं यांना मात्र तार चिकटली ती आजतागायत. १९३० नंतरच्या दशकांत वेटोळ्याच्या तारेची वही निघाली. ती सपाट उघडते खरी, पण भोंकाभोंकाशीं तिचें पान फाटतें.

हा केवळ कारागिरीचा प्रश्न नव्हे. गेल्या दीडशें वर्षांतील मराठी विचाराचा मोठा भाग मासिकांत व चोपड्यांत विखुरलेला आहे, आणि मुंबई-कोंकणचा पावसाळा दरवर्षीं येतो. ज्यांच्या घरीं असे जुने अंक आहेत त्यांनीं मधली घडी उघडून तारेचे वळलेले पाय बोथट पातीनें हलकेच सरळ करावे, तार पाठीकडून काढावी व त्याच भोंकांतून सुती दोरा घालावा. ओढाताण मात्र करूं नये.

पोथीच्या लेखकास सैल बांधणीचें भय वाटे. घट्ट बांधणीही ग्रंथ खाऊं शकते, हें त्याच्या ध्यानींमनींही नव्हतें. आम्हांस तें कळलें आहे, तेव्हां हयगय करण्यास आम्हांस सबब उरली नाहीं.