जुन्या मोटारींतील बदललेला डिफरन्शियल : एक साधनचिकित्सा

भंडारा हें गांव पितळी भांड्यांकरितां फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. जुन्या घरांतील घागरी व गुंड नीट निरखून पाहिले, तर त्यांपैकीं एखाद्याचें बूड झिजल्यामुळें पुढें नवें लावलेलें आढळतें. जोडाची रेघ बोटाला लागते, व पितळेचा रंगहि किंचित् निराळा दिसतो. हा गुंड जुना म्हणावा कीं नवा, हा प्रश्न घरच्या माणसांना पडत नाहीं. संग्राहकाला मात्र तो पडतो, व पडावा हेंच योग्य. पोथींतील गळालेल्या पानाच्या जागीं दुसऱ्या हातानें लिहिलेलें पान घातलेलें असलें, म्हणजेहि हाच प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखांत आम्हीं हा प्रश्न एका निराळ्या वस्तूस लावून पाहणार आहों. ती वस्तु म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार, व तिचें बदललेलें अंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधील डिफरन्शियल.

मोटारीचा विषय ह्या पृष्ठांत कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर भंडारा जिल्ह्यांतच आहे. इंग्रजी अमदानींत ज्यास ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत, तो नागपूर-रायपूर रस्ता भंडाऱ्यावरून जातो. त्या रस्त्यावर लाखनी तालुक्यांतील गडेगांव येथें १९८२ सालापासून अशोक लेलंड कंपनीचा कारखाना आहे, व जड मोटारींचे गिअरबॉक्स करणें हें त्याचें एक मुख्य काम. कारखान्याच्या नांवांतील ‘लेलंड’ हें मूळ इंग्लंडांतील लँकाशायर परगण्यांतल्या गांवाचें नांव. १९४८ सालीं स्थापन झालेली अशोक मोटर्स ही कंपनी १९५५ सालीं लेलंडच्या भागीदारीमुळें अशोक लेलंड झाली. त्याच विलायती लेलंड कंपनीनें १९६१ सालीं स्टँडर्ड-ट्रायम्फ ही कंपनी आपल्याकडे घेतली, आणि १९६२ सालीं ट्रायम्फची ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार बाहेर पडली. म्हणजे गडेगांवच्या फाटकावरील नांव व स्पिटफायर ह्यांचें एका काळीं एकच घराणें होतें.

ह्या घराण्याची तिसरी शाखाहि हिंदुस्थानांतच होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनें १९६१ सालापासून ‘स्टँडर्ड हेरल्ड’ ही मोटार काढली. ती ट्रायम्फ हेरल्डचीच देशी प्रत होय. स्पिटफायरची बांधणी ह्या हेरल्डवरूनच बेतलेली असून दोघींचे डिफरन्शियल एकाच वळणाचे आहेत. त्यामुळें स्पिटफायरचा मूळ डिफरन्शियल निकामी झाला, म्हणजे हेरल्डचा किंवा तिच्याच कुळांतील व्हिटेस अथवा जीटी-६ ह्या मोटारींचा डिफरन्शियल तिला बसविण्याची चाल पडली. एका पोथीचें पान दुसऱ्या प्रतींतून घ्यावें, तसाच हा प्रकार आहे.

आतां ह्या अंगाचें कार्य काय तें पाहूं. बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर सुटीं फिरतात. छकडा किंवा रेंगी वळली, कीं बाहेरचें चाक अधिक फिरतें व आंतलें कमी, आणि कोणाची अडचण होत नाहीं. कारण तेथें ओढ बैलांची असते, चाकांची नसते. मोटारींत उलट स्थिति आहे. चाकांनाच शक्ति द्यावयाची, आणि तरीहि त्यांना कमीअधिक फिरूं द्यावयाचें, असा दुहेरी पेंच तेथें पडतो. तो सोडविणारी दंतचक्रांची रचना फ्रेंच कारागीर ओनेसिफोर पेकर ह्यानें १८२७ सालीं वाफेच्या गाडीसाठीं पेटंट केली, व इंग्लंडांत जेम्स स्टार्ली ह्यानें १८७७ सालीं ती तीनचाकी सायकलीस लावली. इंजिनाकडून येणारा दांडा एका लहान पिनियनास फिरवितो, पिनियन मोठ्या मुकुटाकार चक्रास फिरवितें, व त्या चक्राच्या पोटांतील लहान चक्रें शक्ति दोन्ही बाजूंस वांटून देतात. आमच्याकडील मिस्त्री ह्या जोडीस ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात. नियम इतकाच कीं, दोन चाकांच्या फेऱ्यांची बेरीज नेहमीं क्राऊनच्या फेऱ्यांच्या दुप्पट असते. एक चाक थांबलें, तर दुसरें दुप्पट फिरतें.

ह्या नियमाचा उपयोग संशोधकास लागलाच होतो. डिफरन्शियल न उघडतां त्याची जात ओळखतां येते, ती अशी. गाडी पक्की अडवून एक मागचें चाक जमिनीवर ठेवावें, दुसरें उचलावें, व गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. उचललेलें चाक हातानें बरोबर २० वेळां फिरविलें, म्हणजे क्राऊन १० वेळां फिरतो. तेवढ्यांत मधला लांब दांडा सुमारें ४१ वेळां फिरला, तर क्राऊनला ३७ व पिनियनला ९ दांते आहेत असें समजावें. १९७० पर्यंतच्या स्पिटफायरचें प्रमाण हेंच, म्हणजे ४.११ आहे. दांडा सुमारें ३९ वेळां फिरला, तर दांते ३५ व ९. हें प्रमाण चौथ्या आवृत्तीचें. सव्वाछत्तीस वेळां फिरला, तर २९ व ८. हें शेवटच्या, १५०० नांवाच्या आवृत्तीचें. जीटी-६ ह्या मोठ्या इंजिनाच्या भगिनीस ३६ व ११ दांत्यांची जोडी असे. लिपीच्या वळणावरून लेखाचा काळ ठरवावा, तसा येथें दांत्यांच्या संख्येवरून अंगाचा काळ ठरतो. ह्याखेरीज डिफरन्शियलच्या पेटीच्या खालच्या कडेवर अक्षरें व आंकडे ठोकलेले असतात. वर्षांचा चिखल व तेल साफ केल्यावर ते वाचतां येतात. पोथीची पुष्पिका ती हीच.

बदलण्याची क्रिया करणाऱ्यानेंहि एका गोष्टीचें भान ठेविलें पाहिजे. ह्या मोटारींत मागचा आडवा पाटा डिफरन्शियलच्याच पाठीवर बसविलेला असतो. म्हणून आधीं गाडी सांगाड्यावर टेकवून चाकें, दोन्ही बाजूंचे आंस व मधला दांडा सोडवावा लागतो, व पाट्यावरील ताण उतरवून तो वर उचलावा लागतो. मगच पेटी सांगाड्यापासून मोकळी होते. नवी बसवितांना दांड्याच्या तबकडीचीं भोकें जुळतात कीं नाहींत तें पाहावें. एकाच कुळांतील निरनिराळ्या काळच्या पेट्यांत तीं लहानमोठीं असतात. एका पेटींतला क्राऊन व दुसरींतलें पिनियन अशी जोडी तर कधींहि करूं नये. तीं दोन चक्रें कारखान्यांत एकमेकांवर घासून जमविलेलीं असतात. ताटातूट झाली, कीं गाडी चालतांना कण्हूं लागते व दांते लवकर जातात. शेवटीं हायपॉइड जातीचें तेल एक इंग्रजी पाइंट, म्हणजे सुमारें ०.५७ लिटर, घातलें म्हणजे काम संपलें.

यांत्रिक काम येथें संपतें, परंतु ऐतिहासिक काम येथूनच सुरू होतें. समजा, ४.११ प्रमाणाच्या जुन्या स्पिटफायरला कोणी ३.६३ प्रमाणाचा पुढील काळचा डिफरन्शियल बसविला. मालकाला तो सोयीचा वाटतो, कारण मोठ्या रस्त्यावर इंजिन संथ चालतें. परंतु ह्या गाडीच्या वेगदर्शकाची तार गिअरबॉक्समधून निघते, चाकांतून नव्हे. मागें झालेला बदल त्यास कळतच नाहीं. कांटा ताशीं ५० मैल दाखवितो, तेव्हां गाडी वस्तुतः सुमारें ५७ मैलांनीं धांवत असते. व मैलांच्या मापांत १०,००० वाढले, तर खरी चाल ११,३०० हून अधिक झालेली असते. साक्षीदार जुनाच आहे, त्याचा चेहरा अस्सल आहे, आणि तो प्रामाणिकपणें खोटें सांगत आहे. पुढील संग्राहक ह्याच आंकड्यावरून गाडीचें आयुष्य मोजणार, व विक्रीचा कागदहि त्यावरच होणार. अस्सल कागदांत एक आंकडा बदलला असतां सबंध शकावली कशी बिघडते, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

सर्वच बदल मात्र एका जातीचे नव्हेत. मद्रासच्या कंपनीनें १९७२ सालीं हेरल्डच्या जागीं ‘गझेल’ ही मोटार काढली, तेव्हां मागचे दोन स्वतंत्र आंस काढून डिफरन्शियलसह एकसंध आंस घातला. हा बदल कर्त्यानेंच केला, तो त्या मोटारीच्या सर्व प्रतींत आहे, व त्याचें वर्ष ठाऊक आहे. ह्यास आम्हीं पाठभेद म्हणूं. मालकानें किंवा मिस्त्रीनें एकाच गाडींत केलेला, नोंद नसलेला बदल हा मात्र क्षेपक होय. पाठभेद इतिहासाचें साधन आहे. क्षेपकहि साधन होऊं शकतो, पण तो क्षेपक म्हणून ओळखला गेला तरच.

कायद्यानेंहि हा प्रश्न आतां हातीं घेतला आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांकरितां निराळी नोंदणी सुरू केली, व त्यांच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें ठेविलीं. वाहन मूळ स्वरूपांत असावें, आणि सांगाडा, बाह्य शरीर वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ह्या तिहींत डिफरन्शियलचें नांव नाहीं. म्हणून कोणी म्हणेल कीं, तो बदलला तर बिघडलें कोठें? आमचें मत असें कीं, बदलण्यांत कांहींच बिघडत नाहीं. गाडी ही चालण्याकरितां केलेली वस्तु आहे, आणि चालेल ती झिजेल. बिघडतें तें नोंद न ठेवण्यांत. कायदा जेथें विचारीत नाहीं, तेथें संग्राहकानें स्वतःस विचारावें.

म्हणून आमची विनंती इतकीच आहे. ज्याच्याकडे अशी गाडी असेल त्यानें निघालेल्या व बसविलेल्या अशा दोन्ही डिफरन्शियलांचे ठोकलेले आंकडे, दोहोंच्या दांत्यांची संख्या, नवा कोठून व कोणत्या गाडींतून आला, बदलण्याची तारीख, व त्या दिवशीं मैलांच्या मापांत असलेला आंकडा, इतकें एका कागदावर लिहून तो कागद गाडीच्या दप्तरांत ठेवावा. प्रमाण बदललें असेल, तर वेगदर्शकहि त्याप्रमाणें दुरुस्त करून घ्यावा, व तसें झाल्याचें लिहावें. निघालेला जुना डिफरन्शियल भंगारांत घालूं नये. तेल लावून, कापडांत गुंडाळून, गाडीबरोबर जतन करावा. लोखंडाचा हा रुमाल जड खरा, पण त्यांतील आंकडे दुसरीकडे कोठेंहि मिळत नाहींत.

स्पिटफायर होणें १९८० सालीं बंद झालें. दोनच वर्षांनीं गडेगांवच्या कारखान्याचा आरंभ झाला, आणि लेलंड हें नांव वैनगंगेच्या प्रदेशांत आले. घराणीं मोडतात व दुसरीकडे रुजतात, अंगें झिजतात व दुसरीं बसतात. त्याचा शोक करण्याचें कारण नाहीं. भंडाऱ्याच्या कारागिरानें गुंडाला नवें बूड लावतांना जोडाची रेघ लपविली नाहीं, म्हणूनच तो गुंड आज आपणांस आपली हकीकत सांगूं शकतो. जुन्या गाडीच्या मालकानेंहि आपल्या जोडाची रेघ अशीच उघडी ठेवावी.