एल्गॉनच्या उतारावरची कॉफी

कॉफीशी मुसलमानांचे नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये डोळा लागू नये म्हणून ती पीत. तिच्या बिया बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. पण याच कॉफीची एक अलीकडची हकिकत सांगताना आम्हाला आधी मान खाली घालावी लागते.

पूर्व युगांडात एल्गॉन पर्वताच्या पायथ्याशी म्बाले शहर आहे. भोवतालच्या खेड्यांत मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू शेतकरी केळीच्या सावलीत कॉफी पिकवतात. हे ज्यू बाहेरून आलेले नाहीत. सेमेई काकुंगुलू या सेनानीने १९१९ साली अनुयायांसह हा धर्म स्वीकारला, त्यांचे हे वारस. इदी अमीनच्या राजवटीत (१९७१-७९) त्यांच्या धर्माचरणावर बंदी आली. अनेकांनी धर्म सोडला, बाकीचे चोरून इबादत करीत राहिले. अमीन मुसलमान होता. ही गोष्ट झाकून अमनच्या गप्पा मारता येत नाहीत.

११ सप्टेंबर २००१ रोजी या ज्यू समाजातले शेतकरी जे. जे. केकी न्यूयॉर्कमध्ये होते. मनोऱ्यांवरचा हल्ला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. ते गावी परतले आणि मुसलमान व ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारी गेले. त्या काळात जगभर कॉफीचे भाव कोसळले होते. दारात येणारा दलाल सांगेल त्या भावाला माल द्यावा लागे, आणि भाव पाडताना तो कोणाचा धर्म विचारत नव्हता.

२००४ साली ‘मिरेंबे कावोमेरा’ ही सहकारी संस्था उभी राहिली. लुगांडा भाषेत याचा अर्थ ‘चवदार शांतता’. पदाधिकारी तिन्ही धर्मांतून निवडले गेले. कॅलिफोर्नियातल्या थँक्सगिव्हिंग कॉफी कंपनीने रास्त व्यापाराच्या भावाने माल घेतला. शुक्रवार, शनिवार, रविवार ज्याचे त्याला राहिले. तराजू मात्र एक झाला.

ज्यांच्यावर आपल्याच धर्माच्या हुकूमशहाने बंदी घातली, त्यांच्यापैकी एकाने मुसलमानाच्या दारी येऊन हात पुढे केला. मुसलमान शेतकऱ्याने तो धरला. सूरह निसामध्ये जवळच्या आणि परक्या, दोन्ही शेजाऱ्यांशी भलेपणाने वागण्याची आज्ञा आहे. ती आपल्याला पाठ असते. एल्गॉनच्या उतारावर ती हिशेबाच्या वहीत उतरली. आपल्या गावच्या सोसायटीत, बाजारात ती कितपत उतरली आहे, हे आपणच तपासायचे आहे.