अब्दुल्ला, सुलतान

(२१ सप्टेंबर १८४२–२२ डिसेंबर १९२२). मलाया द्वीपकल्पातील पेराक राज्याचा सुलतान (कार. १८७४–७७). मलायातील राज्यकारभारात ब्रिटिश रेसिडेंटास स्थान देणाऱ्या पांगकोर कराराचा प्रमुख स्वाक्षरीकार. ज्या करारामुळे त्यास गादी मिळाली, त्याच करारातील एका कलमाच्या अंमलबजावणीतून त्याची पदच्युती व हद्दपारी ओढवली. संपूर्ण नाव अब्दुल्ला मुहंमद शाह. सुलतान जाफर (कार. १८५७–६५) याचा तो मुलगा.

पेराकची गादी बापाकडून थेट मुलाकडे जात नसे. सुलतान, राजा मूदा (युवराज) व राजा बेंदाहारा (प्रधान) अशी पदांची उतरंड होती आणि सुलतानाच्या मृत्यूनंतर राजघराण्यातील व्यक्ती क्रमाने वर चढत. जाफरनंतर अली हा सुलतान झाला व अब्दुल्ला राजा मूदा झाला. अली मे १८७१ मध्ये मरण पावला, तेव्हा अब्दुल्ला अंत्यविधीस उपस्थित राहिला नाही. नव्या सुलतानाने जुन्या सुलतानाच्या दफनास हजर असावे, असा रिवाज होता. त्यामुळे सरदारांनी वयोवृद्ध बेंदाहारा राजा इस्माईल यास निवडून राजचिन्हे त्याच्या स्वाधीन केली. राजा यूसुफ या दुसऱ्या हक्कदारासही डावलण्यात आले. अशा रीतीने एका गादीवर तिघांचा दावा उभा राहिला.

हा वाद एरवी नदीकाठच्या सरदारांपुरताच राहिला असता. पण पेराकच्या लारूत प्रांतात १८४८ च्या सुमारास कथिलाचे मोठे साठे सापडले होते. खाणींवर चिनी मजूर हजारोंच्या संख्येने येऊन राहिले. त्यांच्या घी हिन व हाय सान या प्रतिस्पर्धी संघटनांत १८६१ पासून वारंवार रक्तरंजित लढाया झाल्या. लारूतचा सरदार न्गाह इब्राहीम हा बलवान असेल त्या पक्षाच्या बाजूने उभा राही. १८७२–७३ च्या लढाईने कथिलाचा व्यापार थांबला व पिनांग आणि सिंगापूर येथील व्यापाऱ्यांचे भांडवल धोक्यात आले. या सामुद्रधुनी वसाहती १ एप्रिल १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होत्या. त्यानंतर त्यांचा कारभार लंडनच्या वसाहत खात्याकडे गेला. मलाय राज्यांच्या अंतर्गत कारभारात हात घालू नये, हे त्या खात्याचे धोरण होते. नोव्हेंबर १८७३ मध्ये आलेल्या सर अँड्रू क्लार्क या गव्हर्नरास मात्र, अशा राज्यांत ब्रिटिश अधिकारी नेमणे इष्ट होईल की काय, याविषयी अहवाल देण्यास सांगण्यात आले होते. अहवाल देण्यापूर्वीच त्याने कृती केली.

अब्दुल्लास हीच संधी वाटली. रीड हा इंग्रज व्यापारी व तान किम चिंग हा चिनी व्यापारी यांच्या साहाय्याने त्याने सिंगापूरशी संधान बांधले. गादी मिळाल्यास लारूतच्या करवसुलीचा मक्ता देण्याचे वचन त्याने तान किम चिंग यास दिले होते. आपणास कारभाराची चांगली पद्धती दाखवू शकेल असा अधिकारी पाठवावा, अशी विनंती त्याने गव्हर्नरास पत्राने केली. पांगकोर बेटाजवळ ‘प्लूटो’ या आगबोटीवर बैठक भरून २० जानेवारी १८७४ रोजी करार झाला. त्यानुसार अब्दुल्ला सुलतान झाला. गैरहजर इस्माईलला सुलतान मूदा ही पदवी व निवृत्तिवेतन ठरले. त्याच दिवशी चिनी पुढाऱ्यांनीही शांतता पाळण्याचे लिहून दिले व तिचा भंग झाल्यास ५०,००० डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

करारातील मर्म सहाव्या कलमात होते. मलाय धर्म व रूढी यांखेरीज सर्व बाबतींत सुलतानाने रेसिडेंटाचा सल्ला घेतला पाहिजे आणि त्याप्रमाणे वागले पाहिजे, असा त्याचा आशय होता. दहाव्या कलमाने सर्व महसुलाची वसुली व सर्वसाधारण कारभार यांचेही नियमन याच सल्ल्याने व्हावयाचे होते. हिंदी संस्थानांतील रेसिडेंट ही संस्था या योजनेमागे होती. ज्याचा सल्ला मानलाच पाहिजे, तो सल्लागार की राज्यकर्ता, हा प्रश्न करारात अनुत्तरित राहिला. कराराच्या मलाय पाठात इंग्रजी पाठाइतकी सक्तीची भाषा नव्हती, असेही अभ्यासकांनी दाखविले आहे. शिवाय पेराकमध्ये धर्म व रूढी यांपासून महसूल वेगळा काढणे अशक्यप्राय होते. कारण नदीवरून जाणाऱ्या मालावर आपापल्या हद्दीत जकात घेणे हा सरदारांचा परंपरागत हक्कच मानला जाई.

पहिला रेसिडेंट जेम्स बर्च नोव्हेंबर १८७४ मध्ये दाखल झाला. तो मेहनती, पण उतावीळ होता. मलाय भाषेशी त्याचा परिचय बेताचाच होता. सरदारांची करवसुली बंद करून सर्व महसूल राज्याच्या तिजोरीत जमा करण्याचा आग्रह त्याने धरला. कर्जापोटी ऋणको व त्याचे कुटुंबीय धनकोच्या घरी राबत. या ऋणदास्याचाही त्यास तिटकारा होता आणि पळून आलेल्या दासींना तो आश्रय देई. त्याच्या सुधारणांचा हेतू चांगला असला, तरी त्यांमुळे सरदारांचे उत्पन्न व प्रतिष्ठा दोन्ही एकदम गेली आणि त्यांची भरपाई कशी होणार, हे निश्चित झाले नव्हते. अब्दुल्लाची स्थिती सर्वांत अवघड होती. इस्माईलने राजचिन्हे सोडली नव्हती, त्यामुळे परंपरेनुसार त्याचा विधिवत राज्याभिषेक होऊ शकला नाही. सरदारांच्या दृष्टीने तो इंग्रजांचा सुलतान होता, तर इंग्रजांच्या दृष्टीने आज्ञा न पाळणारा मांडलिक.

जुलै १८७५ मध्ये दुरियान सबातांग येथे अब्दुल्ला व सरदार यांची गुप्त बैठक झाली आणि तीत बर्चला ठार करण्याचा विचार ठरला. नवा गव्हर्नर सर विल्यम जर्व्हॉइस हा रेसिडेंटांकडे प्रत्यक्ष कारभारच सोपविण्याच्या मताचा होता. पदच्युतीच्या धमकीखाली अब्दुल्लाने ऑक्टोबरमध्ये कारभाराचे अधिकार देणाऱ्या कागदांवर सह्या केल्या. त्यासंबंधीचे जाहीरनामे लावण्यासाठी पासिर सालाक येथे गेला असता, २ नोव्हेंबर १८७५ रोजी नदीतील स्नानगृहात बर्चचा भाल्यांनी वध करण्यात आला. त्यामागे स्थानिक सरदार महाराजा लेला हा होता. हाँगकाँग व हिंदुस्थान येथून फौजा आणून इंग्रजांनी हा उठाव मोडला. महाराजा लेला, दातो सागोर व पांडक इंदुत यांस २० जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे पांगकोर करारास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, फाशी देण्यात आले. अब्दुल्लावर न्यायालयात खटला झाला नाही. सिंगापूर येथील चौकशीत जमविलेल्या जबान्यांवरून त्यास दोषी मानण्यात आले. त्याने आरोप नाकारले. तथापि १८७७ मध्ये न्गाह इब्राहीम व अन्य दोन सरदारांसह त्यास सेशेल्स बेटांवर हद्दपार करण्यात आले. इस्माईलची रवानगी जोहोरला झाली व कारभार यूसुफकडे आला. अशा प्रकारे तिन्ही दावेदारांपैकी करारात ज्यास काहीच मिळाले नव्हते, तोच अखेर गादीवर आला.

बर्चच्या मृत्यूनंतर ब्रिटिशांनी पद्धत बदलली, उद्दिष्ट नव्हे. सर ह्यू लो (कार. १८७७–८९) या रेसिडेंटाने सुलतान, सरदार व चिनी पुढारी यांचे राज्यमंडळ स्थापन केले, सरदारांना वेतने दिली आणि ऋणदास्य टप्प्याटप्प्याने बंद केले. जे बर्चने हुकमाने करू पाहिले, ते लोने मोबदला देऊन साधले. हीच घडी इतर राज्यांत बसविण्यात आली व १८९६ मध्ये पेराक, सलांगोर, नग्री संबिलान व पाहांग यांचा संघ झाला.

सेशेल्समधून सुटकेसाठी अब्दुल्लाने वेळोवेळी अर्ज केले. १८९४ मध्ये त्यास सिंगापूरला येण्याची परवानगी मिळाली. गादी मात्र परत मिळाली नाही. आयुष्याच्या अखेरीस तो पेराकला परतला व कुआला कांगसार येथे मरण पावला. त्याचा मुलगा राजा चुलान पुढे ब्रिटिश प्रशासनात अधिकारी झाला. सेशेल्समधील वास्तव्यात कुटुंबाने ऐकलेली एक चाल पेराकच्या राज्यगीतास लाभली, असे परंपरा सांगते. १९५७ मध्ये तीच चाल मलायाच्या राष्ट्रगीतासाठी स्वीकारण्यात आली.

वसाहतकालीन ब्रिटिश लेखकांनी अब्दुल्लाचे चित्र दुर्बल व चैनी राजपुत्र असे रंगविले. स्वातंत्र्योत्तर मलेशियात बर्चविरुद्धचा उठाव हा परकीय सत्तेच्या प्रतिकाराचा प्रारंभ मानला गेला. मात्र त्या उठावात राज्याच्या स्वातंत्र्याइतकाच सरदारांच्या जकातीचा व दास बाळगण्याच्या हक्काचाही प्रश्न होता. स्वतःच्या हक्कासाठी परकीयांचे साहाय्य घेणारा अब्दुल्ला त्या साहाय्याची किंमत ओळखू शकला नाही. आणि ती लक्षात आल्यावर ती नाकारण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ उरले नव्हते.