एकाच कापडातून उन्हाळी सेट: टॉप, पँट, टोपी आणि पिशवी घरच्या घरी कशी बेतावी?

एप्रिल उजाडला की मोबाईलवर को-ऑर्ड सेटचे फोटो दिसू लागतात. को-ऑर्ड सेट म्हणजे एकमेकांशी जुळणारे टॉप आणि पँट. कापड एकच असते किंवा रंग एकाच घरातले असतात. त्याला साजेशी टोपी आणि पिशवीही असली की सेट पूर्ण होतो. यातले काहीच अवघड नाही. सरळ टीप मारता येणाऱ्या कोणालाही हा सेट घरी शिवता येतो. बिघडते ते बहुतेक वेळा मशीनवर बसण्याआधी: चुकीचे कापड, न धुता केलेली कापणी आणि घाईत केलेले बेतणे. एकदा कात्री चालली की कापड परत येत नाही, म्हणून आधीचा हिशेब महत्त्वाचा.

कापड कोणते घ्यावे?

उन्हाळ्यात सुती कापड बरे वाटते, कारण सूत ओलावा शोषते. प्रमाणित हवामानात सूत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवते, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच पॉलिएस्टरचा कुर्ता अंगाला चिकटतो आणि सुती कुर्ता घाम टिपून घेतो. लिनन सुतापेक्षाही जास्त ओलावा शोषते, पण लवकर चुरगळते.

टॉपसाठी मलमल, वॉईल किंवा कॅम्ब्रिक चालते. पँटसाठी कॅम्ब्रिक, पॉपलिन किंवा थोडी जाड खादी घ्यावी, कारण मलमल पारदर्शक असते. पातळ, फिकट रंगाच्या कापडातून ऊन बरेचसे आत येते. त्यामुळे टोपीसाठी घट्ट विणीचे कापड दुहेरी वापरणे चांगले.

खणाचे कापड दिसायला सुरेख असते, पण सध्या खण म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कापडांत कृत्रिम धागा असतो. ते अंगावर गरम होते. ते पिशवीला किंवा टोपीच्या पट्टीला वापरावे.

सगळे एकाच छापाचे हवे असे नाही. एक मुख्य छापील कापड, त्यातलाच एखादा रंग उचलून घेतलेले साधे कापड आणि एक बारीक रेघांचे किंवा ठिपक्यांचे कापड अशा तिघांची सांगड घातली की टॉप-पँट अदलाबदल करूनही वापरता येतात.

किती कापड लागते?

हे पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर अवलंबून असते. छाती ३६ इंच, सीट ४० इंच आणि पँटची उंची ३८ इंच धरली, तर ४४ इंच पन्ह्यात साधारण हिशेब असा होतो:

• सैल टॉप, आखूड बाह्यांसह: १.५ मीटर
• इलास्टिकची सैल पँट: २.२५ मीटर
• रुंद काठाची टोपी: ०.५ मीटर
• पिशवी आणि केसांचे रबरबँड: उरलेल्या कापडातून

बेरीज ४.२५ मीटर. आटण्यासाठी थोडे वाढवून ४.५ मीटर घ्यावे. पन्हा ५८ इंच असेल तर पँटचा पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसतो, आणि साधारण ३ मीटरमध्ये सगळे होते. म्हणून दुकानात मीटरचा भाव विचारण्याआधी पन्हा विचारावा. रुंद पन्ह्याचे महाग वाटणारे कापड शेवटी स्वस्त पडू शकते.

नवे कापड घ्यायलाच हवे असेही नाही. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. जुनी सुती साडी आटून झालेली आणि मऊ पडलेली असते, शिवाय तिचे काठ बाहीला आणि पायाला आयतेच मिळतात. मात्र साडी उजेडासमोर धरून पाहावी. घड्यांवर आणि निऱ्यांच्या जागी ती विरलेली असेल तर ते भाग पँटसाठी वापरू नयेत, आसनाजवळ हमखास फाटतात.

कापण्याआधी धुणे

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि हातमागाचे कापड गिरणीच्या कापडापेक्षा जास्त आटू शकते. ५ टक्के आटले तरी ३८ इंचांची पँट जवळजवळ २ इंचांनी आखूड होते. त्यामुळे कापड काही तास साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, किंचित दमट असतानाच इस्त्री करावे.

रंग जातो का, तेही आताच कळते. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळे धुवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत फिक्या कापडाशी जोडू नये. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे सांगितले जाते, पण तयार कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. सुटा रंग निघून जाईपर्यंत धुणे हाच उपाय.

बेतणे: मोठ्यापासून सुरुवात

कापड उभ्या धाग्यात दुहेरी घडी घालून पसरावे. टॉपच्या मापात छातीच्या घेरापेक्षा ६ ते ८ इंच जास्त ठेवावेत. हवा खेळते ती याच सैलपणात. पँटसाठी सर्वांत सोपा साचा म्हणजे नीट बसणारा जुना पायजमा. तो उलटा करून एक पाय दुसऱ्यात घालावा, खडूने आखावा आणि सगळीकडे शिलाईची माया ठेवावी. वर नेफ्यासाठी आणखी दीड इंच आणि खाली दुमडीसाठी एक इंच लागतो. आसन आखूड करू नये. बसता-उठता ओढ बसते ती तिथेच.

पँटचे भाग किनारीच्या बाजूला लावून बेतले तर घडीच्या बाजूला उघडल्यावर १४ ते १८ इंच रुंदीच्या लांब पट्ट्या उरतात. एका पट्टीत अख्खी पिशवी होते, दुसरीत पिशवीचे बंद आणि टोपीची बाजूची पट्टी निघते. छापातली फुले किंवा पक्षी एकाच दिशेने असतील तर सगळे भाग त्याच दिशेने ठेवावेत, नाहीतर पाठीवर पक्षी उलटे दिसतात.

टोपीचे गणित

डोक्याचा घेर २१.५ इंच असेल तर अर्धा इंच सैल धरून २२ इंच घ्यावेत. त्याला ६.२८ ने भागले की वरच्या गोलाची त्रिज्या मिळते: ३.५ इंच. अर्ध्या इंचाची माया धरून गोल ४ इंच त्रिज्येचा कापावा.

काठ थोडा खाली झुकायला हवा असेल तर त्याचे कडे जास्त त्रिज्येचे काढावे लागते. आतली त्रिज्या ४.५ इंच घेतली तर आतला घेर सुमारे २८ इंच होतो. त्यातली ६ इंचांची फाक काढून टाकली की घेर २२ इंचांवर येतो आणि काठ झुकतो. फाक कापताना तिच्या दोन्ही कडांना जोडासाठी अर्धा-अर्धा इंच माया ठेवावी. काठ ३ इंच रुंद असला की चेहऱ्यावर चांगली सावली पडते. माया धरल्यावर कड्याच्या मधोमध ४ इंच त्रिज्येचे भोक राहते. टोपीचा वरचा गोल नेमका त्याच तुकड्यातून निघतो.

शिवणे: लहानापासून सुरुवात

कापताना मोठ्या भागांपासून सुरुवात करावी, शिवताना लहान वस्तूंपासून. १८ बाय ४ इंचांची पट्टी आणि ७ इंच इलास्टिक घेऊन आधी केसांचे रबरबँड करावे. टाक्याचा ताण आणि मशीनचा स्वभाव तिथेच कळतो. मग पिशवी, पँट, टॉप आणि शेवटी टोपी.

मलमलीला ११ नंबरची सुई, मध्यम कापडाला १४ आणि बकरम घातलेल्या टोपीला किंवा जाड पिशवीला १६ नंबरची सुई लावावी. मलमलीचे धागे सुटतात. तिला फ्रेंच शिलाई बरी: उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर पहिली टीप मारावी, कडा छाटाव्यात, कापड उलटवून दुसरी टीप मारावी. सुटे धागे आत बंद होतात.

पँटचे इलास्टिक कमरेच्या मापापेक्षा २ इंच कमी घ्यावे, पण नेफा बंद करण्याआधी अर्धा तास पँट घालून घरात वावरावे. काचत असेल तर तेव्हा बदलणे सोपे असते.

खर्च काढायचा तर मीटरच्या भावाला ४.५ ने गुणावे. उदाहरणार्थ, भाव १५० रुपये असेल तर कापडाचे ६७५ रुपये. दोरा, इलास्टिक आणि बकरम वेगळे. उरलेल्या चिंध्या टाकू नयेत. खिसा फाटला किंवा गुडघ्यावर ठिगळ लावायची वेळ आली, तर त्याच रंगाचे कापड दुसरीकडे सहसा मिळत नाही.