धातूला विश्रांती नसते

‘धातूचा थकवा’ हा शब्दप्रयोग मला जरा फसवा वाटतो. माणूस थकला तर झोपतो, सकाळी ताजातवाना उठतो. धातूतली बारीक चीर मात्र विमान रात्रभर हँगरमध्ये उभं ठेवलं म्हणून सांधत नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस मोडू लागले, तेव्हा हा शब्द रुळला. जर्मनीत व्होलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एकदाच आलेला मोठा भार जो आस पेलतो, तोच लहान भार लाखो वेळा आला की मोडतो.

सातारा-सांगलीकडे हे नवं नाही. हंगामात उसाच्या ट्रकचा पाटा तुटतो. तो तुकडा निरखून बघा. पुष्कळदा एक भाग गुळगुळीत, काळपट असतो आणि उरलेला खरबरीत, चमकता. काळपट भाग म्हणजे सावकाश सरकत गेलेली जुनी चीर. ड्रायव्हर म्हणतो, “आत्ताच तुटला की!” तुटायला सुरुवात केव्हाच झालेली असते.

१२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबईहून इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल विमान मद्रासला निघालं. उड्डाण होताच उजवं इंजिन निकामी झालं. कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातल्या चकतीत थकव्याची चीर होती. चकती फुटली, इंधन गळलं, आग लागली. वैमानिकांनी विमान परत वळवलं. पण हायड्रॉलिक तेल गेलं, ताबा सुटला आणि धावपट्टीच्या अलीकडेच विमान कोसळलं. आतली ९५ च्या ९५ माणसं गेली. मल्याळी अभिनेत्री राणी चंद्रा त्यांतच होत्या.

मग आधी चाचण्या करत नाहीत का? करतात. पण चाचणीचाही एक पेच आहे, आणि तो ब्रिटिश ‘कॉमेट’मुळे कळला. (कॅराव्हेलचं नाक या कॉमेटवरूनच घेतलेलं.) १९५४ साली इटलीजवळ दोन कॉमेट हवेतच फुटली, ५६ माणसं गेली. एकाची १,२९० उड्डाणं झाली होती, दुसऱ्याची ९००. कारखान्यातला नमुना तर १६,००० वेळा दाब देऊनही टिकला होता! कारण त्याच नमुन्यावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता. त्या ताणाने कोपऱ्यांतला धातू किंचित बसला आणि चिरेला उलट रोधू लागला. म्हणजे परीक्षेनेच परीक्षार्थी बदलला. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात याहून चांगलं उदाहरण मी देऊ शकलो नसतो.

इंजिनाच्या चकत्यांना आता उड्डाणांची संख्याच ठरवून देतात. ती भरली की चीर दिसो न दिसो, चकती काढून टाकतात.