जुन्या नोंदींतील धंद्यांची आद्याक्षरे



दरवर्षी जून महिन्यात प्रवेशाचे अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडे असते. 'पालकाचा धंदा' या रकान्यात 'शेतमजूर' असे पुरते न लिहिता, गर्दीच्या वेळी मी 'शे. म.' एवढेच लिहून मोकळा होतो. एकदा एका मुलाने ते वाचून विचारले, "सर, माझ्या अब्बांचे नाव शेख महंमद नाही. मग हे कोणाचे?" मला हसू आले. पण शंभर वर्षांनी हे रजिस्टर उघडणाऱ्याला ही शंका कोणाला विचारता येईल?

इंग्लंडात आपल्या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण येते. तेथे ६ जून १८४१ रोजीच्या जनगणनेत घरोघरच्या माणसांची नावे, वये व धंदे लिहून घेतले गेले. त्या वह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जागा थोडी, काम फार. म्हणून गणना करणाऱ्यांना काही धंदे आद्याक्षरांनी लिहिण्याची सूचना होती. लिखाण पेन्सिलीचे, आणि त्यावर पुढे बेरीज करणाऱ्या कारकुनांच्या खुणा!

'अॅग. लॅब.' हे वाचून विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा आठवेल. पण तो आहे शेतमजूर. 'एफ. एस.' म्हणजे मोलकरीण, 'एम. एस.' म्हणजे नोकर. 'इंड.' पाहून कोणी आपला पूर्वज हिंदुस्थानी होता असे समजेल. वास्तविक तो स्वतःच्या उत्पन्नावर राहणारा मनुष्य होय. मोठा 'एम' म्हणजे कारखानदार आणि लहान 'एम' म्हणजे वस्तू बनविणारा कारागीर. अक्षराच्या आकारात चूक झाली की मजुरी करणारा चांभार कारखान्याचा मालक होऊन बसतो!

म्हणून अशा नोंदी वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, अक्षर कोणत्या रकान्यात आहे ते पाहावे. जन्मस्थानाच्या रकान्यात 'एफ' म्हणजे परदेश आणि 'आय' म्हणजे आयर्लंड. तेथे धंद्याचा संबंध नाही. दुसरी, त्या गणनेसाठी दिलेल्या सूचना वाचाव्यात; तर्काने अर्थ लावू नये. तिसरी, दुसऱ्या कागदाशी पडताळा घ्यावा. १८४१ च्या वहीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणतः पाचाच्या पटीत उतरवून लिहिली आहेत व नाती दिलेलीच नाहीत. १८५१ च्या गणनेत मात्र नाते, वय व जन्मगाव सापडते.

तरीही अक्षरे उलगडली म्हणजे सर्व कळले असे नाही. नॉटिंगहॅम व लेस्टर या भागांतील वह्यांत 'एफ. डब्ल्यू. के.' ही अक्षरे वारंवार येतात. हा हातयंत्रावर मोजे विणणारा कारागीर. यंत्र बहुधा भाड्याचे आणि घरातच मांडलेले. पुरुष विणी, बायको शिवण घाली, मुले सूत गुंडाळीत. पण पगार न घेता नवऱ्याला किंवा आईबापांना मदत करणाऱ्या बायकामुलांचा धंदा लिहिण्याची गरज नाही, अशी १८४१ ची सूचनाच होती. त्यामुळे बाईपुढचा रकाना पुष्कळदा कोरा राहिला. सबंध घराचे कष्ट एकट्या पुरुषाच्या तीन अक्षरांत मावले!

आपल्याकडे मालेगाव, भिवंडीच्या मोमीन घरांतून हातमाग चालत, तेव्हा कांड्या भरण्याचे काम घरच्या स्त्रियाच करीत. त्या कष्टाची नोंद कोणत्या रजिस्टरात सापडेल? आणि माझ्या रजिस्टरात तरी? ज्या आईच्या मोलमजुरीवर मुलाची फी भरली जाते, तिच्यापुढे मीही कितीदा 'घरकाम' असेच लिहिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत दादा-दादी, नाना-नानी यांच्याजवळ बसा. कोण काय काम करीत होते, कोठे, कोणत्या साली, हे विचारा आणि पूर्ण शब्दांत वहीत उतरवा. घरातील बायकांचे काम प्रथम विचारा, कारण ते सांगण्याचे त्यांच्या मनातही येत नाही. जुने दाखले, रेशनकार्डे, नोकरीचे कागद रद्दीत घालू नका. धंदा हलका होता म्हणून तो लपवू नका. त्याच कमाईवर आपण शाळेपर्यंत आलो.

पालकांनाही एक विनंती. अर्ज भरताना आपला धंदा, आणि मुलाच्या आईचाही, स्पष्ट सांगा. घाई करू नका. मीही आता 'शेतमजूर' हा शब्द पुरता लिहितो.