खारवलेल्या माशांची गाडी आणि हरवलेले मृत्युपत्र

इ.स.पू. २१०. उत्तर चीनमधून एक राजेशाही ताफा राजधानीकडे परतत होता. मधल्या बंद गाडीत सम्राट होते. वेळच्या वेळी त्यांचे जेवण आत जात होते. अधिकारी गाडीबाहेर उभे राहून कामकाज निवेदन करत आणि आतून एक खोजा सेवक मंजुरी कळवत असे. फक्त सम्राट जिवंत नव्हते. शाछिऊ येथील मुक्कामात त्यांचे निधन झाले होते आणि हे जेमतेम आठ-नऊ जणांना ठाऊक होते. दिवस उकाड्याचे होते. कुजणाऱ्या देहाचा वास कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ताफ्यातील गाड्यांत खारवलेले मासे भरण्याचा हुकूम निघाला.

केन लिऊ यांची 'द ग्रेस ऑफ किंग्ज' (२०१५) ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. दारा नावाचा काल्पनिक द्वीपसमूह, आकाशात तरंगणारी हवाई जहाजे, माणसांच्या भांडणात लुडबुड करणारे देव, असा सगळा त्या कादंबरीचा थाट आहे. मात्र तिचा सांगाडा इ.स.पू. २१० ते २०२ या आठ वर्षांचा आहे. कादंबरीतला सम्राट मापिदेरे म्हणजे चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग. कुनी गारू हा हान घराण्याचा संस्थापक लिऊ बांग आणि माटा झिंडू हा त्याचा प्रतिस्पर्धी शियांग यू. हरणाला घोडा म्हणायला लावणारा दरबारी आणि माशाच्या पोटात सापडलेली राज्यप्राप्तीची भविष्यवाणी या दोन गोष्टी लेखकाने रचल्या असाव्यात असे कोणालाही वाटेल. त्या दोन्ही सिमा चिएन या इतिहासकाराने सुमारे २,१०० वर्षांपूर्वी 'शिजी' या ग्रंथात नोंदवून ठेवल्या आहेत.

'शिजी'तील हकिगत अशी. मरणासन्न सम्राटाने थोरला मुलगा फूसू याला पत्र लिहिले: राजधानीत ये, माझे अंत्यसंस्कार कर. फूसू तेव्हा उत्तर सीमेवर सेनापती मंग त्येन याच्याजवळ होता, आणि मंग त्येनच्या हाताखाली तीन लाखांचे सैन्य होते. पत्रावर मोहोर उमटली, पण ते रवाना झाले नाही. राजमुद्रा सांभाळणारा झाओ गाओ याने ते दाबून ठेवले, धाकटा राजपुत्र हूहाई याला फितवले आणि शेवटी महामंत्री ली सी यालाही वळवले. मग दुसरे पत्र तयार झाले. त्यात फूसूला आत्महत्येची आज्ञा होती. मराठीत ज्याला 'ध'चा 'मा' म्हणतात, तसला हा प्रकार. फरक इतकाच की येथे एक अक्षर नव्हे, अख्खे पत्र बदलले गेले. मंग त्येनने फूसूला विनवले, आधी खातरजमा करू. मुलाने बापाच्या आज्ञेची खातरजमा करायची नसते, असे म्हणून फूसूने प्राण दिले.

दरबारी कारस्थानाची यापेक्षा घट्ट वीण कोणत्याही कादंबरीकाराला जमणार नाही. आणि शंकेची जागा नेमकी तीच आहे.

झाओ गाओ आणि ली सी यांचा तो एकांतातला संवाद 'शिजी'त सविस्तर दिलेला आहे. कोणी कोणाला कसे धमकावले, कोण कधी रडले, सर्व काही. पण तो ऐकला कोणी? इ.स.पू. २०८ मध्ये ली सी याचे कमरेतून दोन तुकडे करण्यात आले. पुढच्या वर्षी झाओ गाओने हूहाईला मरण पत्करायला लावले आणि थोड्याच दिवसांत तो स्वतःही मारला गेला. सुमारे तीन वर्षांत तिघेही प्रमुख कारस्थानी संपले. सिमा चिएनने लेखणी उचलली ती शंभराहून अधिक वर्षांनी, आणि तोही ज्या घराण्याने छिनच्या राखेवर राज्य उभारले त्या हानांच्या पदरी राहून.

गेल्या पन्नास वर्षांत या कथेला दुसऱ्या बाजूचे साक्षीदार मिळाले आहेत. ते आहेत बांबूच्या पट्ट्या. कागद प्रचारात येण्यापूर्वी चीनमध्ये अशा पट्ट्यांवर लिहीत असत.

१९७५ मध्ये हूपेई प्रांतातील श्वेहूदी येथे छिन काळातील एका कायदेकारकुनाची कबर सापडली. त्याच्या शवपेटीत हजारावर पट्ट्या होत्या आणि त्यांतील बराचसा भाग छिनचे प्रत्यक्ष कायदे होता. यामुळे कादंबरीतील आणि इतिहासातील आणखी एक प्रसिद्ध प्रसंग डळमळला. इ.स.पू. २०९ मध्ये चेन शंग आणि वू ग्वांग हे ९०० सक्तीच्या रंगरूटांसह सीमेकडे निघाले होते. पावसाने रस्ते बंद झाले. उशीर म्हणजे मृत्युदंड, मग बंड करूनच का मरू नये, या विचारातून छिनविरुद्धचा पहिला उठाव झाला, असे 'शिजी' सांगते. श्वेहूदीच्या पट्ट्या वेगळेच बोलतात. वेठीच्या कामावर तीन ते पाच दिवस उशिरा पोहोचल्यास कानउघाडणी, सहा ते दहा दिवस उशीर झाल्यास एका ढालीचा दंड, त्याहून अधिक उशिराला एका चिलखताचा. पावसामुळे काम होणे शक्य नसेल तर माफी! हा नियम वेठीचा आहे, सीमेवरच्या पहाऱ्याला कदाचित अधिक कडक नियम असेल, हा आक्षेप रास्त आहे. तरीही पावसापाण्याचा विचार करून दंड ठरवणारे राज्य आणि उशिरासाठी ९०० मुंडकी उडवणारे राज्य ही एकाच राज्याची दोन चित्रे सहजी जुळत नाहीत.

दुसरा साक्षीदार अधिक स्फोटक आहे, आणि अधिक संशयास्पदही. २००९ मध्ये पेकिंग विद्यापीठाला देणगीदाखल मिळालेल्या हानकालीन पट्ट्यांत 'झाओ झेंगचा लेख' नावाचा मजकूर निघाला. झाओ झेंग म्हणजेच छिन शी ह्वांग. यात मृत्यूशय्येवरील सम्राट मंत्र्यांना वारस सुचवायला सांगतो, मंत्री हूहाईचे नाव घेतात आणि सम्राट मान्यता देतो. कट नाही, बनावट पत्र नाही. या पट्ट्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खननात काढलेल्या नाहीत, त्यामुळे त्या मुळात कोठून आल्या हे सांगता येत नाही. शिवाय हा लेखही छिनचा मित्र नव्हे. तो सम्राटाला सम्राट म्हणतच नाही, नुसता 'छिनचा राजा' म्हणतो. पण छिनची भलामण करण्याचे कारण नसलेला लेखक जेव्हा हूहाईला कायदेशीर वारस ठरवतो, तेव्हा त्याचे म्हणणे झटकून टाकणे कठीण जाते.

तिसरा साक्षीदार खात्रीच्या उत्खननातला आहे. २०१३ मध्ये हुनान प्रांतातील थूत्झशान येथील एका जुन्या विहिरीतून हूहाईचे, राज्यारोहणानंतर काढलेले एक फर्मान मिळाले. आपण दिवंगत सम्राटाच्या अंतिम आज्ञेनुसार गादीवर आलो आहोत, असे तो प्रजेला सांगतो. हा निर्दोषपणाचा पुरावा मानायचा, की चोराच्या मनातले चांदणे? पट्टी दोन्ही अर्थ सोसते.

मग सिमा चिएन खोटे बोलला काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हानांच्या पदरी असूनही त्याने पराभूत शियांग यूला सम्राटांसाठी राखीव असलेल्या विभागात स्थान दिले, तेही लिऊ बांगच्या आधी. पाठलाग चुकवताना रथ हलका व्हावा म्हणून लिऊ बांगने पोटच्या मुलांना रथाखाली ढकलले, हेही त्याने लिहिले. आपल्याच राजवंशाच्या मूळपुरुषाविषयी असे लिहिणारा माणूस धन्याच्या सोयीसाठी कथा रचणारा नव्हे. त्याने जे ऐकले ते विश्वासाने उतरवले असावे. प्रश्न त्याच्या आधीच्या शंभर वर्षांचा आहे. छिनविरुद्ध शस्त्र उचललेल्या प्रत्येकाला ही कथा सोयीची होती. गादीवरचा माणूसच तोतया वारस असेल, तर त्याच्याविरुद्धचा उठाव हा राजद्रोह ठरत नाही.

केन लिऊ यांनी 'शिजी'ची बाजू घेतली, यात नवल नाही. कादंबरीला बनावट मृत्युपत्र हवेच असते. इतिहासाच्या वाचकापुढे मात्र एक गाठ शिल्लक राहते. 'झाओ झेंगचा लेख' हूहाईला खरा वारस म्हणतो, पण त्याने गादीवर येताच फूसू आणि मंग त्येन यांना ठार केले, हेही मान्य करतो. म्हणजे या मुद्द्यावर दोन्ही ग्रंथांचे एकमत आहे. मृत्युपत्र खरे असो वा खोटे, तीन लाख सैनिकांशेजारी उभा असलेला थोरला भाऊ नव्या सम्राटाला जिवंत परवडणारा नव्हता.

ती हत्या गुप्त ठेवली गेली. म्हणूनच वर्षभराने, पावसाने अडकलेल्या त्या ९०० जणांना चेन शंगने बंडासाठी उठवले, तेव्हा त्याने स्वतःचे नाव पुढे केले नाही. उठाव फूसूच्या नावाने झाला. फूसूला मारल्याची कुणकुण चेन शंगला होती, पण सामान्य लोकांना ते अजून ठाऊक नव्हते.